मंदाकिनीच्या खोऱ्यातली हेलिकॉप्टरं: केदारनाथ, जून 2013

जून 2013 मध्ये उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा हवाई दलाने ‘ऑपरेशन राहत’ आणि लष्कराने ‘ऑपरेशन सूर्य होप’ हाती घेतलं. या कामाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक शौर्याबद्दल आहे, आणि ते शौर्य खरंच होतं. पण डोंगरातल्या पुरातून हेलिकॉप्टरने माणसं काढायची म्हणजे कोणापुढे कोणते पेच उभे राहतात, हे त्या वर्णनांतून फारसं कळत नाही. म्हणून इथे एकच खोरं घेतलं आहे: मंदाकिनीचं, गुप्तकाशीपासून केदारनाथपर्यंतचं. त्यातल्या माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

हे प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे किती माणसं वाचणार, हे हेलिकॉप्टरच्या संख्येपेक्षा इंधन कुठे आहे, उतरायला जागा किती आहे आणि खाली रांग कोण लावतंय यावर जास्त ठरत होतं.

पार्श्वभूमी

त्या वर्षी मान्सूनने घाई केली. एरवी जुलैच्या मध्यापर्यंत सगळा देश व्यापणारा पाऊस 16 जूनलाच देशभर पोहोचला होता. केदारनाथच्या वर, चोराबारी हिमनदीजवळ डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचं पर्जन्यमापक यंत्र होतं. त्यात साधारण चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. वरच्या उतारांवर बर्फ अजून शिल्लक होतं आणि तेही वितळत होतं.

16 तारखेच्या संध्याकाळी पहिला लोंढा आला आणि पायवाटेवरचं रामबाडा वाहून गेलं. 17 तारखेच्या सकाळी सातच्या सुमारास चोराबारी तलावाचा बांध फुटला. हा बांध म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा ढिगारा. तलाव रिकामा झाला आणि पाणी, वाळू, घराएवढे दगड असं सगळं केदारनाथच्या वस्तीवर आलं. खाली गौरीकुंड आणि सोनप्रयागही सुटले नाहीत. यात्रेचा हंगाम ऐन भरात होता. गौरीकुंडहून केदारनाथला जाणारी चौदा किलोमीटरची पायवाट जागोजागी नाहीशी झाली, खालचे रस्ते आणि पूल तुटले, फोन बंद पडले.

वर अडकलेल्यांत वयस्कर माणसं बरीच होती. काही मंदिराच्या आसऱ्याने थांबले, काही जीव घेऊन जंगलात चढले. ज्यांना सहज दिसेल अशा जागी थांबता आलं ते लवकर सापडले. झाडीत शिरलेल्यांचा पत्ता लागायला काही दिवस गेले.

अडचण नेमकी काय होती

केदारनाथची उंची 3,583 मीटर, म्हणजे साधारण 11,750 फूट. इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असते. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलून वजन उचलतात. हवाच विरळ असली की उचल कमी होते आणि इंजिनाची ताकदही घटते. त्यात तापमानाची भर पडते. प्रमाण वातावरणात, म्हणजे उड्डाणाच्या गणितासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, या उंचीवर उणे 8 अंश गृहीत धरतात. जूनच्या दुपारी 12 अंश असेल, तर फरक वीस अंशांचा. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा की प्रत्येक जादा अंशामागे सुमारे 120 फूट धरायचे. म्हणजे हेलिकॉप्टरच्या दृष्टीने केदारनाथ त्या दुपारी 14,000 फुटांवर असतं. सकाळी सहाला जे वजन उचलता येतं, ते दुपारी एकला येत नाही.

दुसरी अडचण खोऱ्याची. मंदाकिनीचं खोरं अरुंद आहे, आणि वर जायचा व परत यायचा मार्ग एकच. ऊन वाढलं की वारा खोऱ्यातून वर वाहू लागतो. वर चढणाऱ्या हेलिकॉप्टरला तो पाठीमागून मिळतो आणि मागचा वारा घेऊन उतरणं धोक्याचं असतं. म्हणून वरच्या मोकळ्या जागेत वळसा घालून, वाऱ्याला तोंड देऊन उतरावं लागतं. पावसाळ्यात सकाळचे काही तास सोडले तर खोऱ्यात ढग केव्हा भरतील याचा नेम नसतो. गौरीकुंडच्या वर ढग बसला की वरचं हेलिकॉप्टर वरच अडकतं, किंवा न दिसणाऱ्या डोंगरांच्या मधून खाली यायचा धोका पत्करतं.

तिसरी अडचण जमिनीची. हवाई दलाच्या मी-17 या वाहतूक हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याचा व्यास एकवीस मीटरहून जास्त आहे. त्याला सपाट, घट्ट आणि आजूबाजूला मोकळी जागा लागते. पुरानंतर वर राहिली होती ती ओली वाळू, दगडांचे ढीग आणि उचकटलेले पत्रे. पंख्याचा झोत सुटला की असा पत्रा उडून पात्यात जाऊ शकतो. उतरणारा वैमानिक दगडांइतकाच या पत्र्यांना भितो.

समोर कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न: हेलिकॉप्टरं कुठून उडवायची? सहारनपूरजवळच्या सरसावा तळावरून मी-17 डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर आणली गेली. तिथे धावपट्टी, इंधन, रुग्णालयं, रेल्वे सगळं हाताशी होतं. सोयीच्या दृष्टीने डेहराडूनच बरं. पण अंतर मोजून पाहिलं की चित्र बदलतं.

डेहराडूनहून केदारनाथ सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे. खोऱ्यांची वळणं धरली तर एका बाजूला चाळीस मिनिटं. चढवणं-उतरवणं धरून एक फेरी पावणेदोन तासांची. सकाळी पाच तास हवा स्वच्छ मिळाली, तर एका हेलिकॉप्टरच्या तीन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. गुप्तकाशी मात्र केदारनाथपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. चढ मोठा आहे, तरी एका बाजूला दहा-बारा मिनिटं. त्याच पाच तासांत सहा फेऱ्या बसतात.

वजनाचा हिशेब याहून बोलका आहे. मी-17 तासाला साधारण सहाशे किलो इंधन खातं. केदारनाथहून उड्डाण करताना परतीचं इंधन टाकीत असावंच लागतं, वर थोडी राखीव. परत डेहराडूनला जायचं तर चारशे किलो, गुप्तकाशीला जायचं तर सव्वाशे. फरक पावणेतीनशे किलोचा, म्हणजे दर फेरीत चार माणसं. एखाद्या कुटुंबातल्या दोघांना बसवून दोघांना खाली ठेवायचं की चौघांनाही घ्यायचं, हे टाकीतल्या इंधनावर ठरत होतं.

मग सगळं पुढच्या तळांवरूनच का नाही केलं? कारण तिथे इंधन नव्हतं, आणि रस्ते तुटलेले असल्यामुळे टँकर पोहोचत नव्हते.

दुसरा प्रश्न कोणतं यंत्र वापरायचं हा. चीता छोटं, हलकं, उंचीवर तरबेज, लहानशा सपाटीवर टेकतं. पण त्यात माणसं बसतात बोटांवर मोजण्याइतकी. ध्रुव हे मधल्या आकाराचं. मी-17 व्ही-5 सपाटीवर छत्तीस सैनिक नेऊ शकतं, केदारनाथवर अर्थातच त्याहून कमी. मी-26 हे अवजड हेलिकॉप्टर सुमारे वीस टन उचलतं, पण त्याचा आकार आणि पंख्याचा झोत पाहता त्या वेळी मोडलेल्या केदारनाथवर त्याला न्यायचा प्रश्नच नव्हता.

तिसरा प्रश्न आधी कोण, हा. केदारनाथ-गौरीकुंडची बाजू, गंगोत्रीच्या वाटेवरचं हर्षिल आणि बद्रीनाथ, तिन्हीकडे हजारो लोक अडकले होते. बद्रीनाथला छप्पर होतं, थोडंफार अन्नही होतं. केदारनाथला काहीच उरलं नव्हतं.

काय केलं

प्राधान्य केदारनाथच्या खोऱ्याला दिलं गेलं. बद्रीनाथचे शेवटचे यात्रेकरू जुलैच्या सुरुवातीला निघाले. तिथे थांबलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना हा उशीर जीवघेणा वाटला असणार, पण ज्याच्याकडे छप्पर आहे त्याला थांबवून ज्याच्याकडे काही नाही त्याला आधी काढणं, हा निर्णय मला पूर्णपणे बरोबर वाटतो.

इंधनाचा प्रश्न ज्या रीतीने सुटला, तो माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. मी-26 ने इंधनाचे टँकर उचलून पुढच्या तळांवर नेले. उत्तरकाशीकडच्या धरासूला जेमतेम तेराशे मीटरची धावपट्टी आहे. तिथे सी-130जे हे चार इंजिनांचं वाहतूक विमान उतरवलं गेलं आणि त्याच्याच टाक्यांमधलं इंधन खाली उभ्या असलेल्या रिकाम्या टँकरमध्ये काढून घेतलं गेलं. हेलिकॉप्टरं त्या टँकरवर भरली गेली. मंदाकिनी आणि अलकनंदेच्या बाजूला गौचर हा असाच पुढचा तळ झाला. जे विमान एरवी सैनिक नेतं, ते इथे उडता पेट्रोल पंप बनलं. कुठलाही नवा शोध न लावता, हाताशी असलेल्या साधनांची भूमिका बदलून, फेऱ्यांची संख्या वाढवली गेली.

माणसं थेट डेहराडूनला न नेता आधी जवळच्या सुरक्षित ठिकाणी उतरवायची आणि तिथून पुढे पाठवायची, अशी दोन टप्प्यांची रचना झाली. यात्रेच्या हंगामात फाटा, गुप्तकाशी भागातून केदारनाथला खासगी हेलिकॉप्टर सेवा चालतेच. ती छोटी हेलिकॉप्टरंही कामाला जुंपली गेली. त्यांच्या वैमानिकांना खोऱ्यातली प्रत्येक कड पाठ होती, ही मोठी जमेची बाजू. अडचणही त्यातूनच आली. लष्कर, हवाई दल आणि खासगी कंपन्या, प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी, आणि खोऱ्यात ना रडार ना नियंत्रण मनोरा. अशा वेळी सगळ्यांनी एकाच रेडिओ लहरीवर आपली जागा आणि उंची बोलत राहणं, वर जाणाऱ्याने एक कड धरणं आणि खाली येणाऱ्याने दुसरी, हीच डोंगरी उड्डाणाची शिस्त जीव वाचवते.

जंगलचट्टीचा प्रसंग वेगळा सांगायला हवा. गौरीकुंड आणि रामबाड्याच्या मधल्या या भागात शेकडो लोक झाडीत अडकले होते. तिथे हेलिकॉप्टर टेकेल अशी जागा नव्हती. विंचने, म्हणजे हेलिकॉप्टरला लावलेल्या दोर ओढणाऱ्या यंत्राने, एकेकाला वर घेता येतं, पण एका माणसाला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ हेलिकॉप्टर जमिनीपासून उंच, एका जागी तरंगत ठेवावं लागतं, आणि विरळ हवेत सर्वांत जास्त ताकद त्यालाच लागते. शेकडो माणसांसाठी हा मार्ग नव्हताच. म्हणून आधी जवान उतरवले गेले, त्यांनी लोकांना शोधलं आणि उतरायला जागा तयार केली. पहिल्या फेरीत एकही यात्रेकरू न काढता जवान, दोर आणि कुऱ्हाडी उतरवणं खाली वाट पाहणाऱ्याला क्रूर वाटतं. पण एकदा जागा झाली की पुढची प्रत्येक फेरी भरून निघते.

जमिनीवरचं काम जवानांनी सांभाळलं, आणि ते किती नाजूक असतं हे एका तपशिलावरून कळेल. मी-17 ची शेपटीकडची पंखी डाव्या अंगाला आहे, आणि पुढचं मुख्य सरकतं दारही डाव्याच अंगाला. इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यात वेळ जातो, शिवाय उंचीवर ते पुन्हा चालू झालं नाही तर हेलिपॅडच अडतं. म्हणून पाती फिरती ठेवूनच माणसं चढवतात. तीन दिवस उपाशी असलेला जमाव दार दिसताच धावत सुटला, तर तो थेट त्या फिरत्या पंखीच्या दिशेने जाऊ शकतो. उतारावर आणखी एक धोका: डोंगराच्या बाजूने येणाऱ्याच्या डोक्याजवळ मुख्य पाती येतात, म्हणून नेहमी दरीच्या बाजूने, वाकून, पुढून यायचं. हे सगळं कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या माणसांना हातवारे करून समजवायचं. एक जवान दाराशी, एक शेपटीपाशी, एक रांगेच्या तोंडाशी. हे तिघे नसतील तर वैमानिकाचं कौशल्य वाया जातं.

25 जून

24 तारखेपासून हवा पुन्हा बिघडली आणि उड्डाणांना खीळ बसली. तोपर्यंत केदारनाथवरून जिवंत माणसं बहुतांशी निघाली होती. मृतदेह मात्र तिथेच होते. रोगराईची भीती होती, आणि त्या माणसांचे अंत्यसंस्कार सन्मानाने व्हावेत ही भावनाही होती. वर लाकूडफाटा नव्हता. तोही हेलिकॉप्टरनेच न्यायचा होता.

25 जूनला अंत्यसंस्काराचं साहित्य केदारनाथला पोहोचवून परत येणारं हवाई दलाचं मी-17 व्ही-5 गौरीकुंडच्या उत्तरेला कोसळलं. त्यातले वीसही जण गेले: हवाई दलाचे पाच, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे नऊ आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचे सहा.

दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुख गौचरला जाऊन वैमानिकांना भेटले. मोहीम थांबली नाही.

या टप्प्यावर मी बराच वेळ थांबलो. ते उड्डाण करायला नको होतं, असं म्हणणं सोपं आहे आणि ते मला मान्य नाही. मृतांचे अंत्यसंस्कार हे बचावकार्याचंच काम होतं. पण हवेचा उंबरठा सगळ्या कामांसाठी एकच असावा का, हा प्रश्न रास्त आहे. वर जखमी मूल असेल तर वैमानिक ढगाच्या फटीतून जाईल, आणि जावं. लाकडं न्यायची असतील तर निर्भेळ स्वच्छ हवेची वाट पाहता येते. आठवडाभर रोज उडणाऱ्या माणसाला हा फरक स्वतःहून करणं अवघड असतं, कारण तोवर ‘जायचंच’ ही सवय अंगी बाणलेली असते. म्हणून प्रत्येक फेरीचं काम कोणत्या प्रतीचं आहे आणि त्यासाठी किमान किती दृश्यमानता हवी, हे उड्डाण न करणाऱ्या, तळावर बसलेल्या अधिकाऱ्याने आधी लिहून ठरवावं. नको म्हणण्याचं ओझं वैमानिकाच्या खांद्यावर टाकू नये.

निष्पत्ती

17 ते 30 जून या काळात हवाई दलाने 2,140 फेऱ्या करून 19,600 माणसं हलवली आणि 3,82,400 किलो साहित्य पोहोचवलं. पंचेचाळीस हेलिकॉप्टरं या कामात होती. पायी, रस्त्याने आणि हवेतून मिळून सर्व यंत्रणांनी एक लाखाहून अधिक लोकांना बाहेर काढलं. म्हणजे बहुसंख्य लोक हेलिकॉप्टरने आलेच नाहीत. ते लष्कराने आणि सीमा पोलिसांनी बांधलेल्या दोरांवरून, लाकडी साकवांवरून, जवानांच्या पाठीवरून आले. हेलिकॉप्टरने ज्यांना उचललं ते मात्र असे होते, ज्यांना दुसरी वाटच नव्हती. पाच हजारांहून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

इंधन. यात्रा सुरू होण्याआधी गौचर आणि धरासूला पुरेसा साठा असता, तर मी-26 आणि सी-130जे पहिल्या दिवसापासून अन्न, दोर, यंत्रसामग्री वाहू शकली असती. रस्ता तुटल्यावर इंधन हवेतून नेणं हा उत्तम तोडगा होता, पण तो महागडा होता, आणि पहिले दिवस सर्वांत मोलाचे असतात.

उतरायच्या जागा. दर काही किलोमीटरवर मोजून ठेवलेल्या, झाडं आणि पत्रे नसलेल्या सपाट जागांची यादी तयार असती, तर जंगलचट्टीसारख्या ठिकाणी एक-दोन दिवस वाचले असते. या यादीत तारांचीही नोंद हवी. पहाडात सफरचंदाच्या पेट्या दरी ओलांडून नेण्यासाठी लोखंडी तारा ताणलेल्या असतात. ऑगस्ट 2019 मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातल्या आराकोट भागात मदत नेणारं एक खासगी हेलिकॉप्टर अशाच तारेला धडकून तिघे जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाला अशी तार जवळ येईपर्यंत दिसत नाही. गावकऱ्यांना मात्र प्रत्येक तार ठाऊक असते. ग्रामपंचायतीकडून ती माहिती दरवर्षी गोळा करायला काहीच खर्च येत नाही.

याद्या. दोन टप्प्यांच्या रचनेत माणूस गुप्तकाशीला उतरतो, तिथून दुसऱ्या वाहनाने ऋषिकेशला जातो, आणि मधे कुठेच त्याचं नाव लिहिलं जात नाही. घरचे लोक डेहराडूनच्या विमानतळावर फोटो हातात धरून उभे राहिले. हेलिकॉप्टरच्या दाराशी वही-पेन घेतलेला एक माणूस बसवणं हे तेव्हा चैनीचं वाटलं असेल. पण जो वर अडकलाय असं समजून आपण शोधतोय, तो कालच खाली आलाय हे कळलं नाही, तर शोधाची फेरी वाया जाते. नोंद ठेवणं हा बचावाचाच भाग आहे.

हवेची खबर. केदारनाथला एक आणि गौरीकुंडला एक असे दोन निरीक्षक, हातात रेडिओ घेऊन, दर पंधरा मिनिटांनी ढगाचा पाया कुठे आहे हे सांगत राहिले तर वर जायच्या आधीच निर्णय घेता येतो. उपग्रहाच्या चित्रावर एवढ्या लहान खोऱ्यातला ढग धड दिसत नाही.

बरंच काही बदललंही आहे. केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी मोठं हेलिपॅड झालं आणि 2013 मध्ये जिथे जाणं अशक्य होतं तिथे पुढे मी-26 उतरलं. 2019 मध्ये चिनूक हे दोन पंख्यांचं अवजड हेलिकॉप्टर हवाई दलात आलं. 31 जुलै 2024 च्या रात्री केदारनाथच्या वाटेवर लिनचोली-भीमबलीच्या भागात ढगफुटी झाली, तेव्हा एक-दोन दिवसांतच चिनूक आणि मी-17 कामाला लागली. ऑगस्ट 2025 मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीला पूर आला तेव्हाही चिनूक आलं. पण चिनूकलाही घट्ट, मोठी जागा लागते, आणि त्याच्या दुहेरी पंख्यांचा झोत मी-17 हून जोरकस असतो. त्यामुळे आजही उत्तराखंडाच्या कुठल्याही खोऱ्यात यात्रेच्या आधी तपासायच्या गोष्टी त्याच राहतात: टँकर भरलेला आहे का, सपाट जागेवरचे पत्रे उचलले का, आणि या वर्षी दरीवर नवी तार कोणी ताणली.